मतटक्का का हलतो? निवडणुकीचे आकडे पहिल्यांदाच वाचायला बसणाऱ्यांसाठी

महाराष्ट्र विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाला २७.८१ टक्के मते मिळाली, २०१९ मध्ये २५.७५ टक्के आणि २०२४ मध्ये २६.७७ टक्के. एवढेच तीन आकडे समोर ठेवले, तर या दहा वर्षांत पक्षाच्या बाबतीत फारसे काही घडलेच नाही, असे वाटेल. पण पक्षाने २०१४ मध्ये २६० जागा लढवल्या होत्या, २०१९ मध्ये १६४ आणि २०२४ मध्ये १४९. जेथे पक्षाचा उमेदवारच नव्हता तेथे त्याला मत देण्याची सोयही नव्हती. तरीही राज्यभरातील मतांशी काढलेली टक्केवारी जवळजवळ जागची हलली नाही, याचा अर्थ प्रत्यक्ष लढवलेल्या जागांवर बरेच काही हलले होते.

मतटक्क्यातला बदल म्हणजे मतदाराचे मन बदलणे, असे आपण गृहीत धरतो. निदान महाराष्ट्रात तरी हे गृहीतक तपासल्याशिवाय वापरू नये. येथे मतटक्का हलण्याचे पहिले कारण बहुतेक वेळा मतदार हे नसून मतदान यंत्रावरची उमेदवारांची यादी हे असते : कोणत्या पक्षाने किती जागा लढवल्या, युती कोणाशी झाली, बंडखोर कोठे उभे राहिले. त्यानंतर मतदानाला कोण आले हे पाहायचे, त्यानंतर कोणी मत बदलले आणि सर्वात शेवटी ते का बदलले. वाहिन्यांवरील चर्चा नेमकी उलट्या टोकापासून सुरू होते, म्हणून ती ऐकून आकडे वाचायला बसलेल्या नवख्या माणसाचा गोंधळ होतो.

तयारी

भारत निवडणूक आयोग प्रत्येक निवडणुकीनंतर सांख्यिकी अहवाल प्रसिद्ध करतो. त्यात पक्षनिहाय लढवलेल्या जागा, जिंकलेल्या जागा, एकूण मते आणि अनामत रक्कम जप्त झालेल्या उमेदवारांची संख्या मिळते. मतदान केंद्रनिहाय आकड्यांसाठी ‘फॉर्म २०’ पाहावा लागतो. तो मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर असतो. संगणकावर एक साधा तक्ता करावा आणि त्यात टक्केवारीच्या शेजारी प्रत्यक्ष मतांचा रकाना आवर्जून ठेवावा. केवळ टक्केवारी उतरवून घेण्याची सवय लागली की पुढच्या निम्म्या चुका तेथेच होतात.

पहिली पायरी : किती जागा लढवल्या?

राज्यातील एकूण मतटक्क्याला २८८ ने गुणून लढवलेल्या जागांनी भागले, की लढवलेल्या जागांवरील मतटक्का ढोबळमानाने मिळतो. ढोबळ अशासाठी की सर्व मतदारसंघांतील मतदान सारखे नसते. नेमका आकडा हवा असेल, तर त्या त्या मतदारसंघांतील मतांची बेरीज करावी लागते. या हिशेबाने भाजपचा आकडा २०१४ मध्ये सुमारे ३१, २०१९ मध्ये सुमारे ४५ आणि २०२४ मध्ये ५२ च्या आसपास येतो. सपाट दिसणारी रेघ एकदम चढण होते.

मात्र या आकड्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. भाजपने २००९ मध्ये ११९ जागा लढवून १४.०२ टक्के मते मिळवली, म्हणजे लढवलेल्या जागांवर सुमारे ३४ टक्के. त्यावरून २०१४ मध्ये पक्षाची घसरण झाली असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो हास्यास्पद ठरेल, कारण २००९ च्या त्या ३४ टक्क्यांत शिवसेनेचीही मते होती. युती २५ सप्टेंबर २०१४ रोजी तुटली आणि त्याच दिवशी काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडीही मोडली. मित्रपक्षाची मते वजा झालेली, नव्या आणि कमकुवत जागांची भर पडलेली, आणि तरीही दुपटीहून अधिक जागांवर ३१ टक्के टिकले, ही खरी वाढच होती. शिवसेनेचे चित्र याच्या उलटे आहे. तिचा राज्यातील मतटक्का १६.२६ वरून १९.३५ वर गेला, म्हणून तीही वाढली असे म्हणण्याचा मोह होतो. पण १६० ऐवजी २८२ जागा लढवल्यावर लढवलेल्या जागांवरील तिचा मतटक्का २९ वरून २० वर आला होता.

तात्पर्य, दोन्ही आकडे शेजारी मांडावेत आणि प्रत्येक आकड्यात कोणाकोणाची मते मिसळलेली आहेत, ते समोर लिहून ठेवावे.

दुसरी पायरी : पक्षांची बेरीज करा, आणि ‘इतर’ विसरू नका

माझ्या मते संपूर्ण कामातली सर्वात महत्त्वाची पायरी ही आहे, आणि नेमकी तीच बहुतेक जण गाळतात. एकेकट्या पक्षाऐवजी जवळच्या पक्षांची एकत्र बेरीज करावी आणि उरलेल्या सर्वांना, म्हणजे अपक्ष, छोटे पक्ष व बंडखोर यांना, एका स्वतंत्र रकान्यात ठेवावे.

२०१४ चीच निवडणूक घ्या. ‘काँग्रेसची मते भाजपकडे गेली’ हे तिचे सर्वमान्य स्पष्टीकरण आहे. काँग्रेस आणि राष्ट्रवादी यांची २००९ मधील एकत्रित मते ३७.३८ टक्के होती. २०१४ मध्ये ती ३५.१९ टक्के झाली. जागा १४४ वरून ८३ वर घसरल्या, पण मते सव्वादोन टक्क्यांनीदेखील कमी झाली नाहीत. दुसरीकडे भाजप आणि शिवसेना यांची बेरीज ३०.२८ वरून ४७.१६ टक्क्यांवर गेली. ही जवळजवळ सतरा टक्क्यांची वाढ कोठून आली? उत्तर ‘इतर’ रकान्यात आहे : तो सुमारे ३२ टक्क्यांवरून १८ च्या आत आला. अपक्षांची मते साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास होती, ती पाच टक्क्यांच्या आत आली. महाराष्ट्र नवनिर्माण सेना ५.७१ वरून ३.१५ वर घसरली. चारही मोठे पक्ष स्वतंत्र लढल्याने एरवी उमेदवारी न मिळून अपक्ष उभे राहिले असते अशा अनेकांना कोणत्या ना कोणत्या पक्षाचे तिकीट मिळाले, आणि त्यांच्यामागची मते पक्षाच्या खात्यावर चढली.

येथे एक खबरदारी घ्यावी लागते. बेरजेत दिसतो तो निव्वळ बदल. एकूण मतांतली दहा टक्के मते काँग्रेसकडून भाजपकडे गेली आणि आठ टक्के अपक्षांकडून काँग्रेसकडे आली, तरी कागदावर काँग्रेसची घट दोनच टक्के दिसेल. तेव्हा ‘काँग्रेसचा मतदार हललाच नाही’ असे या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच, की लाटेच्या प्रचलित गोष्टीत अपक्षांच्या रकान्याला जागा नाही आणि ती द्यावी लागेल.

याहून जुने उदाहरण अधिक बोलके आहे. १९९५ मध्ये काँग्रेसला ३१ टक्के मते मिळाली आणि अपक्षांना साडेतेवीस टक्क्यांच्या आसपास. तब्बल ४५ अपक्ष निवडून आले आणि त्यांतले बरेच जण काँग्रेसचे बंडखोर होते. जून १९९९ मध्ये पक्ष फुटला, राष्ट्रवादी काँग्रेसची स्थापना झाली आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत काँग्रेसला २७.२० व राष्ट्रवादीला २२.६० टक्के मते पडली. म्हणजे फुटीनंतर दोन्ही काँग्रेसची बेरीज ३१ वरून जवळपास ५० वर गेली. कारण उघड होते : एका छपराखाली न मावलेल्या लोकांना आता दोन छपरे मिळाली होती. गंमत म्हणजे त्याच निवडणुकीत युतीची मते २९.१९ वरून ३१.८७ टक्क्यांवर गेली आणि तिची सत्ता मात्र गेली. पक्ष फुटला की मते निम्मी होतात, हा समज ज्यांचा असेल त्यांनी हे दोन तक्ते एकदा स्वतःच्या हाताने उतरवून काढावेत.

तिसरी पायरी : लोकसभा आणि विधानसभा एका मापाने मोजू नका

युतीची रचना बदललेली नसताना मतटक्का बदलला, अशी निवडणूक अभ्यासाला सर्वात चांगली. २०१९ ने ती आपल्याला दिली. मे महिन्यात निकाल लागलेल्या लोकसभा निवडणुकीत भाजप आणि शिवसेना यांनी मिळून सर्व ४८ जागा लढवल्या आणि सुमारे ५१ टक्के मते मिळवली. पाच महिन्यांनी, २१ ऑक्टोबरच्या विधानसभा मतदानात, त्याच युतीने पुन्हा सर्व जागा लढवून सुमारे ४२ टक्के मते मिळवली. नऊ टक्के मते गेली कोठे? काँग्रेस आणि राष्ट्रवादी यांची बेरीज दोन्ही वेळा ३२-३३ टक्क्यांच्या आसपासच होती. वंचित बहुजन आघाडीची मते सुमारे सात टक्क्यांवरून खाली आली होती. वाढ झाली ती अपक्ष आणि छोट्या पक्षांच्या मतांत, आणि १३ अपक्ष निवडून आले.

याचा सरळ अर्थ असा, की लोकसभेला मतदार देशाच्या नेतृत्वाकडे पाहून एका चिन्हावर बटण दाबतो आणि विधानसभेला तोच मतदार तालुक्यातला माणूस शोधतो. म्हणून लोकसभेची तुलना मागच्या लोकसभेशी आणि विधानसभेची मागच्या विधानसभेशी करावी. मध्ये उडी मारायचीच असेल, तर हा नऊ टक्क्यांचा फरक आठवणीत ठेवूनच मारावी.

साताऱ्यातील पावसातल्या सभेचा विषय याच निवडणुकीचा. शरद पवारांनी १८ ऑक्टोबरला भिजत केलेल्या भाषणाने निवडणूक फिरली, असे आजही सांगितले जाते. राष्ट्रवादीच्या जागा ४१ वरून ५४ झाल्या हे खरे, पण राज्यातील मतटक्का १७.२४ वरून १६.७१ वर आला होता आणि लढवलेल्या जागा २७८ वरून १२१ वर आल्या होत्या; म्हणजे जागावाढीचा मोठा भाग आघाडी पुन्हा जुळल्याचा होता. सातारा लोकसभेच्या पोटनिवडणुकीतील उलटफेर मात्र खराखुरा होता. उदयनराजे भोसले मे महिन्यात राष्ट्रवादीकडून सव्वा लाखाच्या मताधिक्याने जिंकले होते आणि ऑक्टोबरमध्ये भाजपकडून सुमारे ८७ हजारांनी हरले. तो पावसाचा परिणाम होता, पक्षांतराचा होता की दोन्हींचा, हे निकालाचे आकडे सांगू शकत नाहीत. भाषणाची आठवण चिरंतन असते, तक्त्याची नसते, इतकेच.

चौथी पायरी : मतदानाला कोण आले?

टक्केवारीचा छेद स्थिर नसतो, हे येथे कळते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाविकास आघाडी आणि महायुती यांना राज्यात जवळजवळ सारखीच, ४४ टक्क्यांच्या आसपास मते पडली. नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत महायुतीतील तीन मोठ्या पक्षांची बेरीज ४८.१६ झाली आणि आघाडीतील तीन पक्षांची ३३.६६. येथेही तिसऱ्या पायरीचा नियम लागू आहे. आघाडीची घट महायुतीच्या वाढीच्या दुपटीहून अधिक आहे, याचा अर्थ काही मते पुन्हा अपक्ष आणि बंडखोरांकडे गेली.

आता प्रत्यक्ष मते पाहू. लोकसभेला राज्यात सुमारे ५ कोटी ७० लाख मते पडली होती, विधानसभेला ६ कोटी ४० लाखांहून अधिक. आघाडीची मते अडीच कोटींवरून सुमारे २ कोटी १६ लाखांवर आली, म्हणजे तिने ३४ लाखांच्या आसपास मते गमावली. महायुतीची मते मात्र सुमारे ६० लाखांनी वाढली. आघाडीने गमावलेले प्रत्येक मत महायुतीला मिळाले असे मानले, तरी ही वाढ भागत नाही. वाढीव मतदानाचा मोठा हिस्सा तिच्याकडे गेल्याशिवाय हा आकडा जुळत नाही. केवळ टक्केवारी पाहणाऱ्याला ही गोष्ट दिसत नाही.

मतदान वाढण्याची दोन कारणे वेगळी करावीत. मतदार यादी मोठी होणे हे एक आणि यादीतले अधिक लोक येणे हे दुसरे. त्या सहा महिन्यांत यादी ९ कोटी ३० लाखांवरून ९ कोटी ७० लाखांवर गेली. या वाढीवर विरोधी पक्षांनी आक्षेप घेतले आणि आयोगाने ते फेटाळले. मतदानाचे प्रमाणही ६१ वरून ६६ टक्क्यांवर गेले. विधानसभेची विधानसभेशी तुलना केली, तर २०१९ मध्ये महिलांचे मतदान ५९ टक्क्यांच्या आसपास होते, ते २०२४ मध्ये ६५ वर पोहोचले. पुरुषांची वाढ सुमारे चार टक्क्यांची होती.

पाचवी पायरी : आता कारण शोधा

येथपर्यंत आल्यावरच योजना, भाव, आरक्षण, नेता हे शब्द वहीत लिहावेत. कारण मांडताना स्वतःला एक प्रश्न विचारावा : हेच कारण खरे असेल, तर कोणत्या ठिकाणी बदल जास्त दिसायला हवा आणि कोणत्या ठिकाणी कमी?

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जून २०२४ मध्ये जाहीर झाली आणि पात्र महिलांच्या खात्यात जुलैपासूनचे दरमहा १५०० रुपये जमा होऊ लागले. महिलांचे मतदान पुरुषांपेक्षा वेगाने वाढले ही गोष्ट या कारणाशी सुसंगत आहे; परंतु सुसंगत असणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे, कारण कोणत्या महिलेने कोणाला मत दिले हे यंत्र सांगत नाही. त्याच नोव्हेंबरात झारखंडमध्येही महिलांना दरमहा पैसे देणारे सरकार पुन्हा निवडून आले आणि ते विरुद्ध आघाडीचे होते. दोन राज्ये, दोन आघाड्या आणि एकाच प्रकारची योजना, अशी जोडी मिळाली की कारणाला थोडे बळ येते. उलट एकाच राज्यात, एकाच वेळी, युती, उमेदवार आणि योजना तिन्ही बदलल्यावर त्यांपैकी एकीलाच सगळे श्रेय देणे हा आळशीपणा आहे.

कांद्याचेही तसेच. केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी केली, ती मे २०२४ मध्ये उठवली, आणि दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पराभूत झाल्या. नाशिक जिल्ह्याच्या कांदापट्ट्यात सत्ताधाऱ्यांची घसरण झाली एवढ्याने भागत नाही. जेथे कांदा पिकत नाही पण लढत तशीच होती, अशा मतदारसंघांपेक्षा ती अधिक होती का, हे पाहावे लागते. हा शेजार लावल्याशिवाय कांद्याचे नाव घेऊ नये.

दिंडोरीने आणखी एक धडा दिला. तेथे एका अपक्षाचे आडनाव राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाच्या उमेदवारासारखे होते आणि त्याच्या चिन्हाचे नाव यादीत ‘तुतारी’ असे होते, तर पक्षाचे चिन्ह होते तुतारी वाजवणारा माणूस. त्या अपक्षाला एक लाखाहून अधिक मते पडली. साताऱ्यात याच चिन्हावरील अपक्षाची मते पक्षाच्या उमेदवाराच्या पराभवाच्या फरकापेक्षा जास्त होती. अशी मते तक्त्यात ‘इतर’मध्ये बसतात, त्यांना मतपरिवर्तन म्हणता येत नाही.

काही खाचखळगे

मतदारसंघांची पुनर्रचना २००८ मध्ये झाली, त्यामुळे २००४ आणि २००९ यांची मतदारसंघनिहाय तुलना नाव सारखे असले तरी करू नये. मतदान केंद्रांचे क्रमांकही दर निवडणुकीत बदलतात. गावाच्या आणि शाळेच्या नावावरून जोडी लावावी. एखाद्या वस्तीच्या केंद्रावर मते फिरली, म्हणून त्या वस्तीतील अमुक जातीने मत फिरवले, असे लिहू नये. केंद्रावरच्या हजार-बाराशे मतदारांत कोण आले आणि कोण घरी राहिले, हे फॉर्म २० मध्ये नसते. त्यासाठी मतदानोत्तर सर्वेक्षणे लागतात, पण ‘मागच्या वेळी कोणाला मत दिले’ या प्रश्नाला अनेक जण जिंकलेल्या पक्षाचे नाव सांगतात, हे ध्यानात ठेवूनच ती वाचावीत. आणि जागांवरून मतांचा अंदाज कधीच बांधू नये : २०२४ मध्ये ११.२८ टक्के मते मिळवणाऱ्या शरद पवारांच्या पक्षाला १० जागा मिळाल्या आणि ९.०१ टक्के मिळवणाऱ्या अजित पवारांच्या पक्षाला ४१.

सरावासाठी एक मतदारसंघ

सुरुवात एकाच मतदारसंघापासून करावी. मी लातूर ग्रामीण सुचवेन. २०१९ मध्ये तेथे काँग्रेसचे धीरज देशमुख सुमारे १ लाख ३५ हजार मते घेऊन एक लाखाहून अधिक मताधिक्याने जिंकले आणि दुसऱ्या क्रमांकावर चक्क ‘नोटा’ होता, २७,५०० मतांसह. २०२४ मध्ये तेच देशमुख भाजपच्या रमेश कराड यांच्याकडून सहा-साडेसहा हजार मतांनी पराभूत झाले. या दोनच निवडणुका पाहणाऱ्याला पाच वर्षांत येथे वादळ आल्यासारखे वाटेल.

आता तक्त्यात २०१४ चा रकाना जोडा. त्या वर्षी काँग्रेसला सुमारे १ लाख १ हजार मते होती आणि याच कराड यांना सुमारे ९० हजार. २०१९ मध्ये जागावाटपात ही जागा शिवसेनेकडे गेली, यंत्रावर कमळ नव्हते आणि भाजपला मानणाऱ्या अनेकांनी मित्रपक्षाच्या उमेदवाराऐवजी नोटाचे बटण पसंत केले. २०२४ मध्ये कमळ परतले. कराड यांची मते १ लाख १२ हजारांवर गेली आणि काँग्रेसची १ लाख ५ हजारांच्या आसपास राहिली, म्हणजे २०१४ पेक्षा थोडी अधिकच. मधले वर्ष झाकून ठेवले, तर वादळाच्या जागी उरतो तो दहा वर्षांतला एक छोटा झुकाव : भाजपची सुमारे बावीस हजार मते वाढली, काँग्रेसची चार-साडेचार हजार. ती बावीस हजार मते मतदार यादीच्या वाढीतून आली, २०१४ मधील इतर उमेदवारांच्या खात्यातून आली की नव्याने घराबाहेर पडलेल्या महिलांकडून, हे शोधण्यासाठी त्या मतदारसंघाचे २०१४ आणि २०२४ चे फॉर्म २० शेजारी उघडावेत आणि केंद्रांच्या नावांची जोडी लावायला बसावे.